टक्सनमधल्या पश्चिम भिंतीवरची सावली: एका मेस्कीट झाडाचं पूर्ण प्रकरण

अमेरिकेत टक्सन आणि फिनिक्सकडची बरीच मराठी मंडळी घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात विचारतात, मागच्या अंगणात पटकन सावली देणारं झाड कुठलं लावू. मला दर वेळी एकच घर आठवतं. तिथे एकाच जागी दोनदा मेस्कीट, म्हणजे वाळवंटातलं शेंगवर्गीय झाड, लावलं गेलं, पहिलं उन्मळून पडलं आणि दुसरं आज घराला सावली देतंय, त्यात पक्षी राहतायत. दोन्ही वेळी माती तीच, ऊन तेच, माणसं तीच. बदललं काय तर झाडाची जात, रोपाचं वय, पाणी द्यायची पद्धत आणि कात्री चालवायची सवय. घर माझ्या मित्राचं आहे, त्याला विचारूनच लिहितोय, नावगाव देत नाही.

आधी जागा समजून घ्या. ॲरिझोनाच्या दक्षिणेला सोनोरन वाळवंटात टक्सन आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर. वर्षाचा पाऊस २७० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही बराच कमी. पण तो दोन हप्त्यांत येतो, हिवाळ्यात हलका भिजवणारा आणि जुलै ते सप्टेंबर वादळी. ह्या दुसऱ्याला तिथले लोकही मॉन्सूनच म्हणतात आणि वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस त्यातच पडतो. त्याच्या आधी मे-जून कोरडा ठणठणीत, जूनमध्ये पारा कित्येकदा चाळिशी गाठतो. मित्राचं घर शहराच्या पूर्व भागात, एकमजली, मागच्या खोलीला मोठं काचेचं सरकतं दार आणि ते नेमकं पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन सरळ सोफ्यावर. पडदे लावून, एसी फुल करून बसायचं, संध्याकाळी सातपर्यंत त्या खोलीत कोणी फिरकायचं नाही.

पहिलं झाड २०१५ मध्ये लावलं होतं. लँडस्केपवाल्याने सांगितलं चिलीयन मेस्कीट लावा, काटे नाहीत, झपाट्याने वाढतं. ह्या नावाखाली जे विकलं जातं ते बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतल्या मेस्कीटांचं संकरित झाड असतं. मोठ्या लाकडी खोक्यातलं, माणसापेक्षा दुप्पट उंच झाड आणलं, खड्डा केला, दोन्ही बाजूंना खांब ठोकून घट्ट बांधलं, बुंध्याशी ठिबकचे दोन ड्रिपर लावले आणि टायमरवर रोज थोडं थोडं पाणी सोडून दिलं. वर्षातून दोनदा माणसं यायची आणि खालच्या सगळ्या फांद्या काढून, आतला भाग मोकळा करून, वर छत्रीसारखा झुपका ठेवून जायची. चार वर्षांत छान सावली झाली, सगळे खूश. २०१९ च्या जुलैमध्ये एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, मागोमाग पाऊस आणि जोराचा वारा, आणि झाड मुळासकट शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीवर आडवं झालं. माणसाला लागलं नाही हे महत्त्वाचं, पण भिंत, झाड उचलणं, सगळं मिळून चांगलाच खर्च झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती मुळं नीट बघितली. एवढ्या मोठ्या झाडाची मुळं जेमतेम एका चटईएवढ्या जागेत गोळा झालेली. खोक्याच्या आत गोल फिरलेली जाड मुळं चार वर्षांनीही तशीच गोल. रोज बुंध्याशी पाणी मिळत होतं, मग मुळांनी लांब जायचंच कशाला? खाली दीड-दोन फुटांवर कॅलिची लागली होती, म्हणजे चुनखडीचा घट्ट थर, इथल्या जमिनीत जागोजागी असतो आणि सिमेंटसारखा कडक. तो कोणी फोडलाच नव्हता. वर भरगच्च शेंडा, खाली धरायला काही नाही, मधे वर्षानुवर्षं खांबांना बांधलेलं खोड, ज्याला वाऱ्यात हलून जाड व्हायची संधीच मिळाली नाही. टक्सनमध्ये दर मॉन्सूनला अशी झाडं पडतात आणि लोक म्हणतात वादळच तसं होतं. वादळ होतंच, पण त्याच रस्त्याच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर आपोआप उगवलेलं जुनं व्हेल्व्हेट मेस्कीट, म्हणजे इथली देशी जात, होतं, त्याची एक फांदीसुद्धा मोडली नव्हती.

तिथूनच दुसऱ्या झाडाचा विचार सुरू झाला. वहिनींची एक अट होती, नुसती सावली नको, पक्षी यायला पाहिजेत. आधीच्या झाडावर चार वर्षांत होले आणि हाऊस फिंच सोडून फारसं कोणी दिसलं नव्हतं. पर्याय बरेच होते. पालोव्हर्दे, ॲरिझोनाचं राज्यवृक्ष, वसंतात पिवळंधमक फुलतं, पण सावली विरळ आणि ह्यांना काचेवर दाट सावली हवी होती. आयर्नवूड उत्तम, पण फार सावकाश वाढतं. डेझर्ट विलो फुलांसाठी सुंदर, हमिंगबर्ड येतात, पण आकाराने लहान. नेटलीफ हॅकबेरी, म्हणजे स्थानिक हॅकबेरी, ह्याच्या फळांवर पक्षी तुटून पडतात आणि सावलीही चांगली. ओढ्याकाठचं झाड आहे, पाणी थोडं जास्त लागतं. मला विचाराल तर ज्यांच्याकडे अंगणात पाणी वळवायची सोय आहे त्यांनी हॅकबेरीचा जरूर विचार करावा. इथे शेवटी व्हेल्व्हेट मेस्कीट ठरलं. टक्सनचं खरं घरचं झाड तेच. शहराच्या दक्षिणेला सांता क्रूझ नदीच्या काठाने एके काळी मेस्कीटचं प्रचंड जंगल होतं, पक्षी अभ्यासक लांबून यायचे, पुढे भूजल उपसत गेले, पाण्याची पातळी मुळांच्या आवाक्याबाहेर गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते जंगल वाळून गेलं. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोक पिढ्यानपिढ्या ह्याच्या गोड शेंगांचं पीठ खात आलेत.

ह्याच वेळी मित्राचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो, सहा महिन्यांसाठी आले होते. माण तालुक्यातले, सगळी हयात कोरडवाहू शेतीत गेलेली. नर्सरीतून रोप आणलं, त्यांनी पान चुरगाळून बघितलं, काटा बघितला आणि म्हणाले, "आरं, ही तर येडी बाभळ हाय! आमी तिकडं उपटून मेलो आन् तू डॉलर मोजून आणतुयास?"

आबांची शंका अगदी बरोबर होती. आपल्याकडची वेडी बाभूळ आणि हे मेस्कीट जवळचे भाऊबंद आहेत. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात भारतात आणली आणि मग माळरानं, गायरानं, नदीकाठ सगळं व्यापून बसली. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी ह्या कुळाची नव्याने विभागणी केली, त्यात ह्या दोघींना नेल्टुमा ह्या एकाच गटात टाकलं आणि आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती, जुन्या प्रोसोपिस गटातच राहिली. मित्राने आबांना समजावलं, "आबा, तिकडं ती पाहुणी होती म्हणून माजली. इथं हीच मूळची. हिच्या शेंगा खाणारे प्राणी, पानं खाणारे किडे, किडे खाणारे पक्षी, सगळे इथलेच आहेत, त्यामुळं ती आवाक्यात राहते." आबांना ते पटलं, पण ते म्हणाले मग आपली शमीच लाव की. शमीही वाळवंटातली आहे, थारमध्ये खेजडी म्हणून तिच्यावर अख्खं जगणं उभं आहे, पण सोनोरातल्या पक्ष्यांचं आणि तिचं काही नातं नाही. हाच मुद्दा मी सगळ्यांना सांगतो, झाड कुठलं चांगलं हा प्रश्नच अर्धा आहे, कुठे हे आधी विचारा. महाराष्ट्रातल्या कोणी हे वाचून मेस्कीट मागवू नका, तुमच्याकडे बाभूळ, हिवर, शमी आहेत.

लागवड ऑक्टोबर २०१९ मध्ये केली. इथे शरद ऋतू लागवडीला उत्तम, उन्हाचा जोर गेलेला असतो पण माती अजून गरम असते, मुळं हिवाळाभर हळूहळू पसरतात. रोप मुद्दाम लहान घेतलं, पाच गॅलनच्या कुंडीतलं, कमरेएवढं. आजूबाजूच्या सगळ्यांनी विचारलं एवढंसं कशाला. पण लहान रोपाची मुळं सहसा फार गोल फिरलेली नसतात आणि ते नव्या जागेत लवकर रुळतं. जागा थोडी सरकवली, भिंतीपासून साधारण पंधरा फूट, ड्रेनेजची लाईन कुठून जाते ते आधी बघून. दुपारचं ऊन तिरकं येतं, त्यामुळे झाड काचेला चिकटून असायची गरज नसते.

खड्ड्याचं काम आबांनी हातात घेतलं. टिकाव आणि पहार घेऊन ते आणि मित्र दोन सुट्ट्यांना खपले. खोली फक्त कुंडीएवढी, पण रुंदी तिच्या तीन-चार पट. तळाशी कॅलिची लागलीच, तिच्यात पहारीने आरपार भोकं पाडली आणि खड्डा पाण्याने भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलेलं होतं म्हणजे निचरा आहे. पाणी तसंच साचून राहिलं असतं तर जागा बदलावी लागली असती, ही चाचणी कोणीही टाळू नये. आबांना खत घालायचं होतं, शेणखताची पोती बघून ठेवली होती त्यांनी, पण इथे घातलं नाही. खड्ड्यात भारी माती भरली की मुळं त्या गोडव्यातच बसून राहतात, बाहेरच्या कडक मातीत शिरत नाहीत. शिवाय मेस्कीट शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींमधून स्वतःचा नत्र स्वतः मिळवतं.

मग आळं. इथे आबांचा अनुभव उपयोगी पडला. रोप उंचवट्यावर आणि त्याच्या भोवती रुंद उथळ आळं, जेणेकरून पाणी साचेल ते खोडाला न लागता बाजूला साचेल. छपराच्या मागच्या पन्हळीचं पाणी दगडी चर काढून ह्या आळ्यात आणलं. हिशोब सोपा आहे, हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की २,३०० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. टक्सनमध्ये हा विचार चांगला रुजलेला आहे, ब्रॅड लँकास्टर नावाच्या माणसाने आपल्या वस्तीत १९९६ पासून शेजाऱ्यांना घेऊन रस्त्याकडेला देशी झाडं लावली, रस्त्याच्या कडेचे दगड कापून पावसाचं पाणी झाडांकडे वळवलं, तेव्हा ते बेकायदा होतं, पुढे शहराने त्याला परवानगी दिली. आता पालिका घरगुती पाणी साठवणीला अनुदानही देते. वॉशिंग मशीनचं पाणीही ह्या आळ्याकडे वळवलं. ॲरिझोनात २००१ पासून ठरावीक मर्यादेत घरचं असं पाणी बागेला वापरायला वेगळा परवाना लागत नाही. गावाकडे मोरीचं पाणी केळीला आणि अळूला जातंच की. फक्त साबण असा पाहिजे ज्यात सोडियम आणि बोरॉन कमी आहे, आणि ब्लीच टाकलेल्या दिवशी नळी परत गटाराकडे फिरवायची.

पाणी देणं हा ह्या प्रकरणाचा गाभा आहे म्हणून जरा सविस्तर. रोज थोडं पाणी पूर्ण बंद. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा, पण द्यायचं तेव्हा इतकं की दोन-तीन फूट खोल ओल जाईल. ओल कुठवर गेली ते बघायला एक लांब लोखंडी सळई मातीत खुपसायची, ओल्या मातीत सहज जाते, कोरडी लागली की थांबते. दुसऱ्या उन्हाळ्यात अंतर वाढवलं, तिसऱ्यात अजून. आणि प्रत्येक वर्षी पाण्याची जागा खोडापासून लांब सरकवली, झाडाच्या घेराच्या कडेला आणि त्याच्याही बाहेर, कारण मुळं पाण्याच्या मागे जातात. मेस्कीटची ताकद ह्या मुळांतच आहे. १९६० च्या सुमारास टक्सनजवळच्या एका उघड्या खाणीत मेस्कीटचं मूळ ५३ मीटर खोल सापडलं होतं, ही नोंद प्रसिद्ध आहे. पण ती वाचून कोणी असं समजू नये की शहरातल्या अंगणात लावलेलं झाड आपोआप पाताळातून पाणी आणेल. शहराखाली भूजल फार खोल गेलंय, अंगणातलं झाड मुख्यतः आडव्या पसरलेल्या मुळांवर आणि पावसाच्या पाण्यावर जगतं.

परीक्षा लगेचच झाली. २०२० चा मॉन्सून टक्सनच्या इतिहासातला दुसरा सगळ्यात कोरडा, मोसमभरात जेमतेम ४१ मिलिमीटर, आणि ३८ डिग्रीच्या वर पारा गेलेले शंभराहून जास्त दिवस. आळ्यात पावसाचं पाणी असं आलंच नाही. त्या वर्षी सगळं काम वॉशिंग मशीनच्या पाण्याने आणि पाइपने केलं. झाडाने पानं थोडी गाळली, वाढ नावालाच, मित्राला वाटलं गेलं बहुतेक. मला काळजी वाटली नाही कारण फांदीवर नखाने खरवडलं की आत हिरवं होतं. मग २०२१ आलं. एकट्या जुलैत २०० मिलिमीटरच्या वर पाऊस, टक्सनच्या नोंदींमधला सगळ्यात जास्त पावसाचा महिना, आणि पूर्ण मॉन्सून ३२५ च्या आसपास. आळं पुन्हा पुन्हा भरलं, दर वेळी एका दिवसात जिरलं. त्या दोन महिन्यांत झाड जे सुटलं ते बघण्यासारखं होतं, कोरड्या वर्षात मुळांनी काय काम करून ठेवलं होतं ते वर दिसायला लागलं. त्या मोसमातली वादळंही सोपी नव्हती, पण झाड वाकलं, हललं आणि उभं राहिलं. त्याचा खांब एका वर्षातच काढून टाकला होता आणि तोवरही दोरी सैल ठेवली होती.

आता कात्रीचा विषय, कारण सावली आणि पक्षी दोन्हीचं नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. लहान झाडाच्या खालच्या फांद्या खोडाला अन्न पुरवतात आणि कोवळ्या सालीला उन्हापासून झाकतात, त्या लगेच काढल्या तर खोड बारीक राहतं आणि पश्चिमेकडची साल भाजते. इथे पहिली तीन वर्षं काहीही कापलं नाही, फक्त मोडकी फांदी आणि एकमेकींना घासणारी. झाड झुडपासारखं दिसत होतं, सोसायटीकडून पत्र आलं की झाड व्यवस्थित राखलेलं नाही. मित्राने शांतपणे त्यांना भेटून दाखवलं की कुठल्या फांद्या तात्पुरत्या आहेत आणि कधी निघणार, शेजारच्या वाटेवर येणारी एक फांदी त्यांच्यासमोर लगेच काढली. तिथे वाद घातला असता तर झाडाचाच तोटा झाला असता. चौथ्या वर्षापासून खालच्या फांद्या थोड्या थोड्या काढल्या, एका वर्षात एकूण पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून बऱ्याच कमी.

छाटणीच्या वेळेचा पेच आहे. बागकामवाले सांगतात की अशा वाळवंटी शेंगवर्गीय झाडांच्या जखमा उष्ण दिवसांत लवकर भरतात, म्हणून मे-जूनमध्ये, मॉन्सूनच्या आधी छाटा. पण मार्च ते जुलै म्हणजे घरट्यांचा मोसम. चालू घरटं मोडणं १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात बसत नाही, आणि कायदा नसता तरी आपण ते करू नये. ह्या घरात ठरवलं की छाटणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला थोडी किंवा मग ऑगस्टच्या शेवटी, आणि प्रत्येक वेळी आधी पूर्ण झाड फांदी फांदी बघायचं. व्हर्डिन ह्या इवल्या पक्ष्याचं घरटं लहान बॉलएवढं, काटेरी काड्यांचं असतं आणि वाळक्या पसाऱ्यासारखं दिसतं, छाटणीला मजुरीवर आलेला माणूस ते पटकन कचरा म्हणून तोडतो.

पक्षी कसे आले ते क्रमाने सांगतो. पहिली दोन वर्षं झाडावर बसायला यायचे ते कर्व्ह-बिल्ड थ्रॅशर आणि कॅक्टस रेन, बाकी विशेष नाही. फरक पडला तो झाडाखालच्या जागेमुळे. वहिनींनी आळ्याच्या कडेने स्थानिक झुडपं लावली, वुल्फबेरी, डेझर्ट हॅकबेरी जिची नारिंगी फळं पक्ष्यांना फार आवडतात, आणि चुपारोसा, जी आपल्या अडुळशाच्याच कुळातली आहे आणि हिवाळ्यापासून लाल फुलांनी भरते, तिच्यावर हमिंगबर्ड सतत. दुसरं, गळलेली पानं झाडायची बंद केली. मेस्कीटची बारीक पानं आळ्यात पडून कुजतात, ओल टिकते, किडे वाढतात, ते उकरायला गॅम्बल्स क्वेल पिल्लांची रांग घेऊन येतात. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, दर महिन्याला येणारा किडे मारायचा फवारा थांबवला. पिल्लं बियांवर वाढत नाहीत, बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांना अळ्याच लागतात. स्थानिक झाड लावायचं आणि त्यावरच्या अळ्या मारायच्या, मग पक्षी येऊन खाणार काय? विंचू घरात येण्याची भीती खरी असते म्हणून दाराच्या फटी बुजवल्या, पण अंगणातला फवारा गेला तो गेला.

२०२२ च्या वसंतात व्हर्डिनने पहिलं घरटं बांधलं. इवलासा राखाडी पक्षी, डोकं पिवळं, खांद्यावर विटकरी डाग. त्याचं घरटं म्हणजे काटेरी गोळा आणि बाजूने दार. अभ्यासकांनी नोंदलंय की मोसमाच्या सुरुवातीच्या घरट्यांचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला असतं म्हणजे ऊब राहते, उन्हाळ्यातल्या घरट्यांचं तोंड वाऱ्याकडे म्हणजे गारवा मिळतो. हिवाळ्यात रात्री झोपायलाही तो वेगळी घरटी बांधतो. काटे नसलेलं झाड घ्या म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, काटा हा त्या पक्ष्याचा दरवाजा आहे, मांजरीला आणि सापाला अडवणारा.

ल्यूसीज वॉर्बलर हा मेस्कीटचा खास पक्षी. जेमतेम सहा-सात ग्रॅमचा, मार्चमध्ये मेक्सिकोकडून येतो आणि उन्हाळा संपायच्या आत परत जातो. उत्तर अमेरिकेत ढोलीत घरटं करणारे वॉर्बलर दोनच, त्यातला हा एक. सुटलेल्या सालीमागे, सुतार पक्ष्याच्या जुन्या भोकात घरटं करतो, पण कोवळ्या झाडाला ना ढोली ना सुटलेली साल. टक्सनच्या पक्षीसंस्थेने, आधी टक्सन ऑडुबॉन आणि २०२४ पासून टक्सन बर्ड अलायन्स, ह्या पक्ष्यासाठी वेगवेगळ्या आकाराच्या लाकडी पेट्या करून बघितल्या, त्यात त्रिकोणी पेटी त्यांना जास्त आवडते असं दिसलं. तशी एक पेटी झाडाच्या पूर्वेकडच्या सावलीत टांगली. पहिल्या वर्षी रिकामी राहिली, २०२४ मध्ये जोडी आली. आबा तेव्हा परत आलेले होते, सकाळी चहा घेऊन त्या दाराशीच बसायचे.

फेनोपेप्ला आला तो शेजारच्या जुन्या झाडावरच्या बांडगुळामुळे. नर काळाभोर चमकदार, बुलबुलासारखा तुरा, लाल डोळे, उडाला की पंखात पांढरी खिडकी उघडते. हिवाळ्यात डेझर्ट मिसलटो म्हणजे इथलं बांडगूळ, त्याच्या फळांवर तो जगतो, दिवसाला हजारावर फळं खातो अशी नोंद आहे, आणि बिया फांद्यांवर टाकत जातो. आपल्याकडे फुलटोच्या हेच करतो. ह्या झाडावर २०२३ मध्ये बांडगुळाचा पहिला कोंब दिसला आणि बागवाला म्हणाला लगेच काढा, परजीवी आहे. मित्राने मला विचारलं. माझं मत असं पडलं की झाड निरोगी आहे, पाणी मिळतंय, एक-दोन जुड्या राहू द्या, संख्या वाढून फांद्या वाळायला लागल्या तर काढू. अशक्त किंवा तहानलेल्या झाडावर मात्र काढलेलंच बरं. आता हिवाळ्यात मेस्कीट निष्पर्ण असताना तो हिरवट-लालसर झुबका आणि त्याची राखण करणारा काळा नर, तिथे दुसरं काही बघावंसं वाटत नाही.

त्रासही लिहितो. जूनमध्ये शेंगांचा सडा पडतो, फरशीवर डाग पडतात, छाटलेल्या जागेतून कधी काळा चीक गळतो. झाडाखाली पॅकरॅट म्हणजे तिथला उंदीर काड्यांचा ढीग करून राहायला बघतो, घराला चिकटून ढीग झाला तर तो हटवावाच लागतो कारण गाडीच्या वायरी कुरतडतो. विष मात्र टाकायचं नाही. टक्सन शहरात कूपर्स हॉक हे शिकारी पक्षी भरपूर आहेत आणि विष खाल्लेले उंदीर घुबडांच्या आणि शिक्र्यांच्या पोटात जातात. शेंगा ह्यांनी वाया घालवायच्या नाहीत ठरवलं. पावसाच्या आधी, जमिनीवरच्या नाही तर थेट झाडावरच्या वाळलेल्या शेंगा काढायच्या, कारण ओल लागलेल्यांना विषारी बुरशी धरू शकते. एक शेंग चावून बघायची, प्रत्येक झाडाची चव वेगळी असते. गावात गिरणी लागते तेव्हा दळून आणायच्या. ते पीठ थोडंसं गोडसर, भाजकं लागतं, वहिनी ज्वारीच्या पिठात मूठभर घालून थालीपीठ लावतात आणि ते खरोखर छान होतं.

सावलीचं म्हणाल तर २०२४ च्या उन्हाळ्यात झाडाने काचेचं दार आणि त्याच्या बाजूच्या भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग झाकला होता. मित्राने थर्मामीटरने भिंत मोजली, उन्हातला भाग साठीच्या वर, सावलीतला चाळिशीच्या आसपास. विजेचं बिल कमी झालंय, पण मधे एसीही नवीन बसवला, त्यामुळे बिलाचं पूर्ण श्रेय मी झाडाला देणार नाही. खोलीत दुपारी बसता येतं, हे मात्र झाडामुळेच. आणि डिसेंबरनंतर पानं झडतात तेव्हा हेच ऊन आत येतं आणि ते हवंसं असतं, हा पानगळीच्या झाडाचा फायदा जवळजवळ सदाहरित संकरित झाडात तेवढा मिळत नाही.

सध्या दोन कामं शिल्लक आहेत. दक्षिणेकडची एक जाड फांदी छपराच्या कडेला टेकायला आलीय, ती पेटीतली जोडी गेल्यावर, ऑगस्टच्या शेवटी, एकदम न कापता दोन वर्षांत मागे घ्यायची असं ठरलंय. आणि पुढच्या अंगणात आयर्नवूड लावायचंय, रोप पुन्हा पाच गॅलनचंच. आबांनी फोनवर सांगितलंय की खड्डा मी आल्यावरच काढा, त्यामुळे लागवड येत्या ऑक्टोबरमध्ये.